सासरी गेलेल्या निगेटिव्ह

"मी मरी गऊ का रे, लीलाधर? देख माले. नीट देख."

"आबा, तुम्ही आधी बसा."

"मरेल माणूस बसस का?"

"चूक झाली म्हणतोय ना मी. सकाळपासून तेच म्हणतोय."

"चूक? नाव मोत्यानं आनि तोंड मन्हं. त्या तोंडले हार. त्याना मोरे घागर, खरबूज, सांजोऱ्या. आनि तू म्हनस, चूक?"

लीलाधरची बायको सुनंदाबाई फोटोच्या दुकानाच्या पायरीवर एक पाय ठेवून तशाच थांबल्या. हातात माहेरची पिशवी, डोक्यावरचा पदर प्रवासाच्या धुळीने पिवळा. साक्रीहून धुळे, धुळ्याहून अमळनेर, एवढा एसटीत आदळत-आपटत आलेला माणूस घरी आल्यावर पाणी मागतो. पण आत एवढं रंगलेलं असताना पाणी कोण मागणार? त्यांनी पिशवी हळूच बाकड्यावर ठेवली आणि डार्करूमच्या काळ्या पडद्याला पाठ लावून उभ्या राहिल्या. लीलाधरला त्या दिसल्या. त्याच्या चेहऱ्यावर सुटकेचा आणि धास्तीचा असा दोन्हींचा रंग एकदम चढला, अर्धवट धुतलेल्या प्रिंटसारखा.

आरडाओरडा करणारे होते पिंप्रीचे झिपरू आबा. उंच, वाळकुडे, लांब नाक, झुपकेदार मिशी, आणि आवाज असा की समोरच्या सायकलवाल्याने पंक्चर काढायचं सोडून कान इकडे लावले होते.

"काल चार जण मन्हा दारवर उनात," आबा सांगू लागले, "टोप्या काढीसन, माना खाले घालीसन. दार कोनी उघाडं? मी उघाडं."

"मग?" सुनंदाबाईंना राहवलं नाही.

"मंग काय. एक जण पळी गया. बाकीना चहा पीसन गयात."

सायकलवाला हसला. आबांनी त्याच्याकडे अशी नजर टाकली की त्याने पंपच हातात घेतला.

झालं होतं ते असं. नरडाण्याजवळच्या खेड्यातल्या पार्वताबाईंचा नवरा मोतीलाल पौषात गेला. आखाजीला, म्हणजे अक्षय्यतृतीयेला, त्याची पहिली घागर भरायची, म्हणजे पितरांत त्याची पहिली हजेरी. त्याच्यासमोर ठेवायला फोटो हवा. जिवंतपणी मोतीलालने एकट्याने असा फोटो काढून घेतलाच नव्हता. खेड्यापाड्यात कोण घेतो? तेव्हा पार्वताबाईंचा चुलतभाऊ शालिग्राम लीलाधरच्या दुकानात आला आणि म्हणाला, लग्नाच्या घोळक्यातून तोंड काढून मोठं करून द्या. हे काम लीलाधरच्या हातचंच. घोळक्यातून मुंडकं उचलायचं, एन्लार्जरखाली फुगवायचं, खाली ब्रशने कोट रंगवायचा, वर फेटा चढवायचा, डोळे मिटलेले असले तर उघडायचे. कोट त्याला एकच येत होता, तीन बटणांचा. त्यामुळे अमळनेर तालुक्यातले निम्मे पितर एकाच कोटात भिंतीवर बसलेले होते.

तर शालिग्रामने खूण सांगितली होती: दुसऱ्या रांगेत बसलेला, लांब नाक, झुपकेदार मिशी. लीलाधरने विचारलं, मूळ गाव? शालिग्राम म्हणाला, पिंप्री. लीलाधरने पिंप्रीचा डबा काढला, पहिला घोळका उजेडात धरला, दुसरी रांग पाहिली. लांब नाक, झुपकेदार मिशी. त्याने फेटा चढवला.

तो होता झिपरू. मोतीलालचा चुलतभाऊ. नाक एकाच आजोबाचं, मिशी एकाच न्हाव्याची.

"आज तो फोटो भीतवरथीन खाले उतरना पाहिजे," आबा म्हणाले. "ऐतवारले मन्हा आंडोरनी सुपारी फुटस. सोयरा नरडाणाकडला. त्यास्नी भीतवर माले हार घालेल देखा ते पोरनं काय व्हई? सुतकवाला घरमा पोर कोन दी?"

हे मात्र खरं होतं. मुलाची सोयरीक ठरायच्या तोंडावर बापाच्या फोटोला हार, हे कोणाला चालेल? लीलाधरने कपाळावरचा घाम पुसला, आणि सापडला तो आधार पकडला.

"आबा, माझा दोष नाही यात. दोष या बाईच्या डब्यांचा."

आता हे डबे काय, ते सांगायला हवं. त्याशिवाय सुनंदाबाई कळायच्या नाहीत.

त्या लग्न होऊन या दुकानामागच्या दोन खोल्यांत आल्या तेव्हा दुकानातल्या निगेटिव्ह एका लोखंडी पेटीत पडलेल्या होत्या, वाळायला टाकून विसरलेल्या मिरच्यांसारख्या. कोणी पुन्हा कॉपी मागायला आलं की लीलाधर पेटीत कोपरापर्यंत हात घालायचा आणि तासाभराने म्हणायचा, "मावशी, नवा काढून देऊ का?" मावशी म्हणायची, "नवा काढशी रे, पन मन्ही माय मरी गई ना." हे सुनंदाबाईंनी दोन-तीनदा ऐकलं आणि एका दुपारी पेटी अंगणात उलटी केली.

लीलाधरने सांगितलं, तारखेने लाव. तारीख कुठे लिहिलेली? कुठेच नाही. नावाने लाव म्हणाला. नाव कोणाचं? त्या घोळक्यात पन्नास माणसं. तेव्हा सुनंदाबाईंनी त्यांना जी एक रीत पक्की येत होती तीच लावली. माणसं जशी राहतात तशी ठेवली. गावाचा एक डबा, गावात भाऊबंदकीची एक पुडी. वनस्पती तुपाचे डबे, बिस्किटांचे पत्र्याचे डबे, दूध पावडरचे डबे. मिळेल तो डबा धुऊन, उन्हात ठेवून, आत बटर पेपरच्या पुड्या. ज्या दोन घरांत बोलणंचालणं नाही त्यांच्या पुड्या एका डब्यात ठेवायच्या नाहीत. लीलाधरने विचारलं, का? तर म्हणाल्या, "तिथे तरी शांतता असू दे."

मुलीचं लग्न झालं की तिची निगेटिव्ह माहेरच्या डब्यातून सासरच्या डब्यात. त्यासाठी पट्टी कापावी लागली तर कापायची. लीलाधर यावर जेवला नव्हता एकदा. "फिल्मचे तुकडे करतेस?" तो ओरडला होता. "मुलगी सासरी पाठवताना आई-बाप काय सगळं घर बरोबर पाठवतात का?" असं त्या म्हणाल्या आणि कात्री धुऊन ठेवली.

आणि मग डब्यांना जीवच आला म्हणा ना. कोणाची मुलगी कायमची परत आली की तिची निगेटिव्ह परत. एरंडोलकडची एक मुलगी वर्षात तीनदा गेली-आली, तिची पुडी सुनंदाबाईंनी शेवटी दोन डब्यांच्या मधल्या फळीवर तशीच ठेवून दिली. एका जोडप्याने पळून जाऊन लग्न केलं, दोन्ही घरांनी तोंड फिरवलं, तर त्यांना स्वतंत्र छोटी तंबाखूची डबी. तीन वर्षांनी नातू झाला तेव्हा दोन्हीकडचे आजे एकाच दिवशी दुकानात हजर, दोघांनाही ती डबी हवी होती.

सोयरीक जमवणाऱ्या बायका तर मुद्दाम यायच्या. कॉपी-बिपी काही नको, नुसतं बसायचं.

"सुनंदाबाई, शिरपूरकडची ती मोठ्या डोळ्यांची, तिचं ठीक चाललंय ना हो?"

"मी काय सांगू? मी आपली निगेटिव्ह पुसते."

"तरी पण."

"फळीवर आहे बाई ती," असं म्हणून सुनंदाबाई कपाट लावून घ्यायच्या. झालं. बाई उठून जायची, तिला जे कळायचं ते कळलेलं असायचं.

एक खोट मात्र होती, आणि लीलाधर ती दर आठवड्याला बोलून दाखवायचा. डब्यावर काही लिहिलेलं नव्हतं. कोणती मुलगी कुठे दिली, कोणाचं कोणाशी पटत नाही, हे सगळं सुनंदाबाईंच्या डोक्यात. त्या घरी असल्या की हव्या त्या माणसाचं तोंड पाच मिनिटांत हातात. त्या नसल्या की दुकान आंधळं. आणि आखाजीला त्या नसायच्याच. लेक आखाजीला माहेरी जाणार, झोके घेणार, गौराईची गाणी म्हणणार, आमरस ओरपणार. ते चुकवून नवऱ्याच्या दुकानात डबे पुसत बसायला त्या काय वेड्या होत्या?

"दोष डब्यांचा," लीलाधर पुन्हा म्हणाला. आता त्याला जोर चढला होता. "ऐका आबा, तुमच्या समोर सांगतो. जळगावला लोखंडी कपाट सांगून ठेवलंय. खणाखणांचं. उद्यापासून सगळं सालवार. एकाहत्तर, बहात्तर, त्र्याहत्तर. डबे भंगारात. माझ्या दुकानात आता कोणीही सासरी जाणार नाही आणि कोणीही परत येणार नाही."

सुनंदाबाईंनी झटकन मान वर केली. तो असं बोलायचा नेहमी, पण गिऱ्हाइकासमोर कधी बोलला नव्हता. गिऱ्हाइकासमोर बोललेलं लीलाधर पाळतो, हे त्यांना माहीत होतं. आणि ते कपाट खरंच सांगितलेलं होतं; मघाशी कोपऱ्यात जागा रिकामी केलेली त्यांना दिसली होती. तिथले सात-आठ डबे पोत्यात भरलेले.

त्यांनी पदर खोचला.

"पिंप्रीचा डबा का काढला तुम्ही?" त्यांनी विचारलं.

"मग कोणता काढू? मोतीलाल पिंप्रीचा."

"मोतीलाल गेला की सासरी."

"कोण गेलं?"

"मोतीलाल. पार्वताबाईला भाऊ नाही. लग्न झालं आणि हा तिच्या घरी राहायला गेला, कायमचा. घरजावई. मग त्याची निगेटिव्ह कुठे राहणार?"

लीलाधरने आबांकडे पाहिलं, आबांनी लीलाधरकडे. दोघांनाही एकदम एकाच बाजूला आल्यासारखं वाटलं.

"पुरुष कुठे सासरी जातो का?" लीलाधर म्हणाला.

"मी पाठवला नाही. तो गेला. मी फक्त डबा बदलला."

आबांनी खाकरून घेतलं. मोतीलाल घरजावई झाला त्या दिवसापासून आबांनी त्याला भाऊ म्हटलं नव्हतं. "बायकोना दारना" म्हणायचे, बाजारात, लग्नात, चार माणसांत. पार्वताबाईंच्या उंबऱ्यावर त्यांनी उभ्या जन्मात पाय ठेवला नव्हता. मोतीलाल गेला तेव्हा स्मशानात जाऊन आले, घरी नाही. आणि आता त्याच घराच्या भिंतीवर ते स्वतः हार घालून बसले होते.

सुनंदाबाईंनी पोतं सोडलं. नरडाण्याकडचा डबा पोत्यातच निघाला, अगदी तळाशी. त्यांनी पुडी काढली, खिडकीपाशी जाऊन दोन पट्ट्या पाहिल्या आणि तिसरी लीलाधरच्या हातात दिली.

लांब नाक. झुपकेदार मिशी. पण हा डोळे बारीक करून कुठेतरी बाजूला पाहत होता, बहुधा बुंदीच्या कढईकडे, आणि डावा गाल पानाने टम्म.

"हा मोत्या," आबा हळू आवाजात म्हणाले.

लीलाधर डार्करूममध्ये शिरला. मोठा केला, कोट चढवला, तोच तीन बटणांचा. गालाला ब्रश लावायला गेला तर सुनंदाबाई म्हणाल्या, "गाल राहू द्या." त्याने रागारागाने राहू दिला. ओला फोटो पंख्यापुढे वाळवला, वर्तमानपत्रात गुंडाळला, आणि तिघं नरडाण्याकडची दुपारची पॅसेंजर पकडायला निघाले. अंतर फार नाही. लीलाधर खिडकीबाहेर बघत होता. आबा समोरच्या बाकावर टोपी गुडघ्यावर घेऊन. एक ओळखीचा माणूस डब्यात शिरला, आबांना पाहून जागीच थबकला आणि पुढच्या डब्यात निघून गेला. आबांनी टोपी डोक्यावर घातली, डोळ्यांपर्यंत.

सुनंदाबाई मनातल्या मनात मांडत होत्या. फोटो उतरला तर लीलाधरची लाज राहील. लाज राहिली की तो मऊ होतो. मऊ झाला की भंगारवाल्याला पुढच्या आठवड्यावर ढकलता येईल. आणि पार्वताबाईंनी फोटो दिलाच नाही तर? मग पोतं गेलंच म्हणायचं.

पार्वताबाई ओसरीवर सातूच्या पिठाला चाळण लावत बसल्या होत्या. ठेंगणी बाई, हातात बांगडी नाही, पण नजर अशी की आल्यागेल्याला उभ्याउभ्या तोलून मोकळी. त्यांनी आबांना पाहिलं. चाळण थांबली नाही.

"या, आबा. पहिलांदाव उनात. बसा. आते तुमनंच घर शे, भीतवर जागा बी शे."

आबा उभेच राहिले. आत भिंतीवर खरोखरच ते होते: भगवा फेटा, तीन बटणं, कपाळावर कुंकू, झेंडूचा हार आता सुकायला आलेला. खाली पाटावर लाल घागर.

लीलाधर पुढे झाला. त्याने हात जोडले. "अक्का, माझ्या हातून गडबड झाली. तोंड बदललं. तुम्हाला कळलं नाही म्हणून..."

"कोनले समजनं नई?" पार्वताबाई म्हणाल्या. "माले धनीनं तोंड वळखू येस नई का?"

"म्हणजे? तुम्हाला कळलं होतं?"

"कागद सोडा आनि समजनं."

"मंग हार कसाले घाला?" आबांचा आवाज फाटला.

पार्वताबाईंनी चाळण खाली ठेवली, हात झटकले.

"घागर भरेल व्हती. पाव्हना बसेल व्हतात. सांजोऱ्या निवी ऱ्हायन्या व्हत्यात. आते काय करू? शालिग्रामले परत अमळनेरले धाडू? मी म्हन्तं, हाऊ माणूस मन्हा दारमा कव्हयच उना नई. आते उनाच शे, ते बसू द्या. खाऊ द्या दोन घास."

सुनंदाबाईंनी पदर तोंडाला लावला. लीलाधरने त्यांच्याकडे डोळे वटारले, पण त्याचीही मिशी हलत होती.

"हाई देखा, अक्का," सुनंदाबाई पुढे झाल्या आणि त्यांनी गुंडाळी उलगडली. "हाऊ तुमना."

पार्वताबाईंनी फोटो हातात घेतला. बराच वेळ पाहिला. मग त्यांनी अंगठ्याने त्या टम्म गालावरून एकदा हात फिरवला.

"लगनमा बी पान," त्या म्हणाल्या. "मन्ही धाकली बहीननं लगन. जेवाले बसाना आधी पान खावाले कोनी सांगं व्हतं? भटजी रागे भरना व्हता याले." त्या हसल्या, आणि हसता हसताच नाक पुसलं. "कोठे सापडना हाऊ?"

"पिंप्रीच्या डब्यात नव्हता," लीलाधर घाईने म्हणाला, "तीच तर गडबड. हिने..."

"तुमना डबामा व्हता, अक्का," सुनंदाबाई म्हणाल्या. "तुमना माहेरना."

"बराबर शे. तो आठलाच, ह्या घरना." पार्वताबाई उठल्या. त्यांनी स्टूल ओढलं, स्वतः चढल्या, आबांचा फोटो हारासकट काढला, हार उतरवला, आणि आबांना स्टुलाच्या एका कडेवर टेकवून ठेवलं. मोतीलालला खिळ्यावर टांगलं. काच-चौकट पुढच्या बाजाराला करू म्हणाल्या. लीलाधरने मोठा श्वास सोडला. काम झालं होतं.

पण आबा अजून तिथेच उभे होते.

"आठला कसाले?" ते म्हणाले. "तो पिंप्रीना. आमनं रगत. तुन्ही निगेटिव्ह काय म्हनतस ती, तिले आमना डबामा ठेव, बाई. आमना भाऊबंदमा. हाऊ त्यासमाच सोभस."

सुनंदाबाई चपापल्या. पार्वताबाई मात्र नाही. त्या स्टुलावरून हळूच उतरल्या, सुकलेला हार मुठीत.

"आज रगत? आनि कालदिनलोंग 'बायकोना दारना' व्हता ना?"

"मरेल माणूसना बारामा मी काही बोलत नई."

"जित्ता माणूसना बारामा बोलनात ना, भलतंच बोलनात. धुळाना बाजारमा, भर लोकसमा. हाऊ घर येईसन दोन दिन जेवना नई. भाकर पुढे, आनि हाऊ भीतकडे देखस. मी देखं."

आबांनी मान फिरवली. लीलाधरला एकदम वाटलं की हे आपलं काम आहे, मध्ये पडायचं, कारण घोळ शेवटी दुकानाचा होता. तो घसा साफ करून म्हणाला, "ठीक आहे, ठीक आहे. मग आता याला कुठल्या डब्यात ठेवायचं, तेवढं दोघांनी मिळून ठरवा. आम्ही तसा ठेवतो."

सुनंदाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. सालवार म्हणाला होता तो. एकाहत्तर, बहात्तर. तो काय बोलून गेला ते त्याला कळलं नव्हतं, आणि त्याला कळू नये म्हणून त्यांनी घाईघाईने खाली पाहिलं, घागरीकडे. गिऱ्हाइकासमोर बोलला होता. दोन गिऱ्हाइकांसमोर.

"ठरावनं काय त्याम्हा," पार्वताबाई म्हणाल्या. त्यांनी आबांचा फोटो उचलला, पदराने त्याच्या कपाळावरचं कुंकू पुसलं आणि तो आबांच्या पुढे धरला. "मी काही बोलत नई. आबा, तुम्हीच सांगा. भीतवर देखीसन सांगा. तो तुमना कोन व्हता? तुम्ही जे सांगशात, त्या डबामा ही बाई त्याले ठेवी."

ओसरीवर शालिग्राम येऊन उभा राहिला होता. शेजारच्या दोन बायका चाळणीपाशी बसल्या होत्या, पण पिठाकडे कोणाचंच लक्ष नव्हतं.

आबांनी वर पाहिलं. मोतीलाल बाजूला, बुंदीकडे, डोळे बारीक करून पाहत होता. गाल टम्म. आबांची मिशी एकदा थरथरली, ओठ उघडले. सुनंदाबाई एक पाऊल पुढे सरकल्या. शब्द हळू आला तरी ऐकू यायला हवा होता.

आबांनी हात पुढे केला, आपला फोटो घेतला, तोंड आतल्या बाजूला करून काखेत मारला. वहाणा पायात सरकवल्या. आणि शालिग्रामला बाजूला सारून, बायकांच्या मधून वाट काढत, ओसरी उतरून स्टेशनच्या रस्त्याला लागले.